वर्गणी तितके अनुदान : शिक्षणखर्चाच्या एका तत्त्वाची वाटचाल

शिक्षणासाठी पुरेसा पैसा मिळत नाही, ही तक्रार जगातील बहुतेक देशांत ऐकू येते. २०१५ साली दक्षिण कोरियातील इंचॉन येथे भरलेल्या जागतिक शिक्षण परिषदेने प्रत्येक देशाने सकल देशांतर्गत उत्पादनाच्या किमान ४ ते ६ टक्के, किंवा सरकारी खर्चाच्या किमान १५ ते २० टक्के रक्कम शिक्षणावर खर्च करावी, असे आवाहन केले. अशा आकड्यांची चर्चा आवश्यकच आहे. परंतु या चर्चेत एक प्रश्न मागे पडतो. पैसा अपुरा असतो तेव्हा ती उणीव कोणाच्या वाट्याला येते? उणीव सर्वांत सारखी वाटली जात नाही. ती कशी वाटली जाईल हे अनुदानाच्या नियमांवर ठरते आणि हे नियम फार जुने आहेत.

या नियमांपैकी सर्वांत टिकाऊ ठरलेला नियम असा : लोकांनी आधी वर्गणी जमवावी, शाळा उभी करावी, आणि मग सरकारने त्या मानाने मदत करावी. वरवर पाहता हा नियम न्याय्य वाटतो. लोकांना स्वावलंबनाची सवय लागते, सरकारी पैसा वाया जात नाही, आणि ज्यांना शिक्षणाची खरी तळमळ आहे त्यांनाच मदत मिळते, असे त्याचे समर्थन केले जाते. प्रत्यक्षात मात्र ज्याच्याजवळ काही आहे त्याला अधिक, आणि ज्याच्याजवळ काहीच नाही त्याला काहीच नाही, असा त्याचा परिणाम होत आला आहे. हिंदुस्थानातील मुस्लिम समाजाच्या शिक्षणाचा इतिहास या नियमाशी जवळून जोडलेला आहे.

इंग्लंडमधील उगम

१८३३ पूर्वी इंग्लंडमध्ये गरीब मुलांच्या शिक्षणाचा भार मुख्यतः धार्मिक व सेवाभावी संस्थांवर होता. त्या वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने प्रथमच शाळांच्या इमारतींसाठी २०,००० पौंड मंजूर केले. ही रक्कम नॅशनल सोसायटी आणि ब्रिटिश अँड फॉरेन स्कूल सोसायटी या दोन संस्थांमार्फत दिली जाणार होती. अट एकच होती, पण ती महत्त्वाची होती. इमारतीच्या खर्चापैकी निम्मी रक्कम स्थानिक लोकांनी वर्गणीतून जमवली पाहिजे.

जेथे श्रीमंत जमीनदार, सधन व्यापारी किंवा वजनदार धर्मगुरू होते तेथे वर्गणी लवकर जमली आणि तिच्यामागोमाग सरकारी मदतही आली. औद्योगिक शहरांतील मजुरांच्या दाट वस्त्यांत आणि गरीब खेड्यांत वर्गणी जमलीच नाही, म्हणून मदतही आली नाही. पुढे मदतीची रक्कम वाढत गेली, १८३९ मध्ये तिच्या देखरेखीसाठी प्रिव्ही कौन्सिलची समिती नेमली गेली, तरी मूळ दोष तसाच राहिला. जेथे शाळेची गरज सर्वाधिक होती तेथेच शाळा सर्वांत कमी होत्या. १८७० चा प्राथमिक शिक्षण कायदा मांडताना फॉर्स्टर यांनी हीच वस्तुस्थिती पुढे ठेवली. त्या कायद्याने शाळा नसलेल्या भागांत लोकनियुक्त स्कूल बोर्डे स्थापण्याची आणि त्यासाठी स्थानिक कर बसवण्याची तरतूद केली. १८८० मध्ये शाळेतील उपस्थिती सक्तीची झाली आणि १८९१ च्या कायद्यानंतर प्राथमिक शिक्षण बव्हंशी निःशुल्क झाले. म्हणजे केवळ वर्गणीच्या आधारावर सर्वांचे शिक्षण होत नाही, हे इंग्लंडने ३७ वर्षांच्या अनुभवानंतर मान्य केले. परंतु तोपर्यंत तेच तत्त्व हिंदुस्थानात येऊन रुजले होते.

वक्फ, इनाम आणि हुगळीचा निधी

हिंदुस्थानात त्यापूर्वी शाळांना आधारच नव्हता, असे नाही. मदरसे व मक्तब यांचा खर्च वक्फ मिळकती, इनाम जमिनी, मशिदींचे उत्पन्न आणि स्थानिक सरदार-अमिरांची मदत यांवर चालत असे. विद्यार्थ्याकडून ठरावीक फी घेण्याचा प्रघात नव्हता. या व्यवस्थेलाही मर्यादा होत्या. ती देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून होती, मुलींना तिच्यात फार थोडी जागा होती आणि सर्वांना शिक्षण देणे हा तिचा उद्देशही नव्हता. तरी गरीब मुलाला दाराबाहेर ठेवणारी फीची अट तिच्यात नव्हती.

कंपनी सरकारच्या महसुली धोरणाने हा आधार डळमळीत झाला. बंगालमध्ये १८२८ च्या रेग्युलेशननंतर करमुक्त जमिनींच्या सनदा तपासून अनेक जमिनींवर आकारणी सुरू झाली. या जमिनींवर पोसल्या जाणाऱ्या धार्मिक व शैक्षणिक संस्थांना त्याची झळ लागली. मुंबई इलाख्यात १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने दख्खन आणि दक्षिण महाराष्ट्रातील सनदांची अशीच छाननी केली. ज्यांच्याकडे जुने कागद नव्हते त्यांचे हक्क गेले. कमिशनचा हेतू महसूल वाढवणे हा होता, पण इनामांवर जगणाऱ्या संस्था व कुटुंबे यांची देण्याची ताकद त्यामुळे घटली. लोकांनी वर्गणी द्यावी असे सांगणारे सरकार आणि वर्गणीचा झरा आटवणारे सरकार एकच होते.

जे निधी शिल्लक राहिले त्यांचा वापर कसा झाला, याचे उदाहरण हुगळी येथे सापडते. हाजी मुहम्मद मोहसीन यांनी १८०६ मध्ये आपली मिळकत वक्फ केली. त्यांच्या मृत्यूनंतर या मिळकतीचा कारभार सरकारकडे गेला आणि तिच्या उत्पन्नातून १८३६ मध्ये हुगळी कॉलेज सुरू झाले. कॉलेज उत्तम होते, पण तेथे शिकणाऱ्यांत मुसलमान विद्यार्थी फारच थोडे होते. नवाब अब्दुल लतीफ आणि इतरांनी यासंबंधी सतत पाठपुरावा केला. अखेर १८७३ मध्ये कॉलेजचा खर्च सरकारने उचलला, आणि मोहसीन निधी मुस्लिम विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या व मदरसे यांसाठी मोकळा झाला. एका समाजाने शिक्षणासाठी ठेवलेला पैसा त्या समाजाच्या मुलांपर्यंत पोहोचण्यास सदतीस वर्षे लागली.

१८५४ चा खलिता आणि मुंबई इलाखा

१८१३ च्या सनदी कायद्याने शिक्षणासाठी वर्षाला किमान १ लाख रुपये बाजूला ठेवण्यास सांगितले होते. एवढ्या मोठ्या प्रदेशासाठी ही रक्कम नाममात्र होती. सर्वांना पुरेल इतका पैसा नाही हे गृहीत धरूनच पुढील धोरण आखले गेले. १८५४ च्या चार्ल्स वुड यांच्या खलित्याने इंग्लंडमधील अनुदानपद्धती हिंदुस्थानात आणली. खासगी शाळेला मदत मिळण्यासाठी स्थानिक व्यवस्थापन असावे, ऐहिक विषयांचे चांगले शिक्षण द्यावे, सरकारी तपासणी मान्य करावी आणि विद्यार्थ्यांकडून थोडी का होईना फी घ्यावी, अशा अटी होत्या.

यातील फीची अट विचार करण्यासारखी आहे. फुकट मिळालेल्या शिक्षणाची किंमत राहत नाही, असा तिच्यामागील विचार होता. मशिदीच्या आश्रयाने चालणारे, फी न घेणारे आणि मुख्यतः कुरआन व फारसी शिकवणारे मक्तब या चौकटीत बसत नव्हते. ते आपापल्या परीने चालू राहिले, परंतु सरकारी मदतीच्या कक्षेबाहेर राहिले. ज्या समाजाची प्रारंभिक शिक्षणाची व्यवस्था अशा मक्तबांतून होती, त्याला नव्या पद्धतीत शिरण्यासाठी प्रथम नवी शाळा उभारणे भाग होते, आणि नवी शाळा उभारण्यासाठी प्रथम वर्गणी लागत होती.

मुंबई इलाख्यात १८५० च्या दशकात याच विचाराच्या ‘अंशतः स्वावलंबी’ शाळा काढण्यात आल्या. शिक्षकाच्या पगाराचा निम्मा वाटा आणि जागेचा खर्च गावकऱ्यांनी द्यावा, उरलेले सरकारने द्यावे, अशी ही योजना होती. मोठ्या व सधन गावांना ती पेलली, लहान गावांना पेलली नाही. १८६३ नंतर जमीन महसुलावर रुपयामागे एक आणा स्थानिक उपकर बसवण्यात आला आणि त्याचा एक-तृतीयांश भाग शिक्षणासाठी राखला गेला. वर्गणीपेक्षा हा उपाय सरस होता, कारण शाळेच्या आवारात पाय न टाकणाऱ्या जमीनधारकालाही तो भरावा लागे. परंतु उपकर सर्व खेड्यांतून वसूल होई आणि शाळा मात्र मोठ्या गावांत निघत. ग्रामीण पैसा शहरी शाळांवर खर्च होतो, ही तक्रार पुढे अनेक वर्षे होत राहिली.

याच काळात परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धतही इंग्लंडमधून आली. विद्यार्थी जितक्या विषयांत उत्तीर्ण होतील तितके अनुदान शाळेस मिळे. सुगीच्या दिवसांत शेतावर जाणारी, मागावर बसणारी किंवा घरी वेगळी भाषा बोलणारी मुले ज्या शाळेत जास्त, त्या शाळेचे अनुदान कमी. मुंबई इलाख्यातील उर्दू शिकणाऱ्या मुलांना प्रादेशिक भाषेचाही अभ्यास करावा लागे, त्यामुळे त्यांच्यावर या पद्धतीचा ताण अधिक पडणे साहजिक होते.

हंटर आयोग आणि मुस्लिम शिक्षण

३ फेब्रुवारी १८८२ रोजी सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. न्यायमूर्ती सय्यद महमूद आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे त्याचे सदस्य होते. ऑक्टोबर १८८२ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी आयोगाला निवेदन सादर केले. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या कष्टातून येतो, आणि तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा त्यातील मुख्य आक्षेप होता. मुंबईच्या मुसलमानांची बाजू बद्रुद्दीन तय्यबजी यांनी साक्षीत मांडली. फुले व तय्यबजी यांच्या भूमिका वेगळ्या होत्या, तरी वर्गणी आणि फी यांवर आधारलेली व्यवस्था सर्वांना एकसारखी लागू केली की ती सर्वांना सारखी पोहोचत नाही, हे दोघांच्याही मांडणीतून स्पष्ट होत होते.

आयोगाने मुस्लिम शिक्षणासंबंधी १७ शिफारशी केल्या. त्यांतील पहिलीच शिफारस ऐतिहासिक म्हणावी लागेल. मुसलमानांच्या शिक्षणाला खास उत्तेजन देणे हा स्थानिक, नगरपालिका आणि प्रांतिक निधींवरील रास्त भार मानावा, असे तिच्यात म्हटले होते. याशिवाय शिष्यवृत्त्या, ठरावीक प्रमाणात फीमाफी, मुस्लिम शिक्षकांसाठी प्रशिक्षणशाळा, मुस्लिम तपासणी अधिकारी, आणि मुस्लिम शैक्षणिक निधींचा उपयोग मुस्लिम शिक्षणासाठीच करणे, अशा शिफारशी होत्या. मागासलेल्या समाजाने आधी वर्गणी जमवावी ही अपेक्षा बाजूला ठेवून, गरज हाच मदतीचा आधार मानावा, हा विचार येथे अधिकृतपणे मांडला गेला.

मात्र त्याच अहवालाने प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी स्थानिक मंडळांकडे सोपवण्याची आणि सरकारने खासगी प्रयत्नांना वाव देत हळूहळू मागे सरण्याची शिफारस केली. भार मान्य झाला, पण तो ज्या निधींवर टाकला ते निधीच तोकडे होते. १८८५ मध्ये हिंदुस्थान सरकारने मुस्लिम शिक्षणावर स्वतंत्र ठराव केला आणि प्रांतांच्या वार्षिक शिक्षण अहवालांत मुस्लिम शिक्षणाचा वेगळा भाग असावा असे सांगितले. त्यामुळे मागासलेपणाची नोंद दरवर्षी होऊ लागली. ते दूर करण्याइतका पैसा मात्र मंजूर झाला नाही.

अशा स्थितीत समाजाने स्वतः जे केले ते दुर्लक्ष करण्यासारखे नाही. मुंबईची अंजुमन-इ-इस्लाम १८७४ मध्ये स्थापन झाली आणि १८८० मध्ये तिची पहिली शाळा सुरू झाली. तय्यबजी बंधू, नाखुदा मुहम्मद अली रोगे यांसारख्या व्यक्ती तिच्यामागे होत्या. संस्थेने वर्गणी जमवली, मदत मिळवली आणि पुढे शहराच्या मध्यवर्ती भागात इमारत उभी केली. परंतु हे मुंबईत घडले, याचे कारण मुंबईत कोकणी, बोहरा, खोजा व मेमन व्यापाऱ्यांची देण्याची क्षमता होती. दख्खनमधील विणकर, रंगारी, बागवान, पिंजारी किंवा अल्पभूधारक शेतकरी यांच्या वस्त्यांत अशी क्षमता नव्हती. त्यांना शिक्षणाची आस्था नव्हती, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. नियमानुसार आस्था रुपयांतच मोजली जात होती.

बडोद्याचा प्रयोग आणि गोखल्यांचे विधेयक

पर्याय होता, आणि तो हिंदुस्थानातच दिसत होता. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागातील दहा गावांत सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. अनुभव घेतल्यानंतर १९०६ मध्ये तो सर्व राज्याला लागू केला. येथे गावाने आधी काय जमवले हे विचारले जात नव्हते. खर्च राज्याच्या खजिन्यातून होत होता, आणि कायदा जात किंवा धर्म पाहून लागू होत नव्हता.

मार्च १९१० मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाविषयीचा ठराव मांडला. त्यांनी जगातील देशांचा दरडोई शिक्षणखर्चही सभागृहापुढे ठेवला. अमेरिकेत तो १६ शिलिंग, इंग्लंड-वेल्समध्ये १० शिलिंग, मागासलेल्या समजल्या जाणाऱ्या रशियात साडेसात पेन्स आणि ब्रिटिश हिंदुस्थानात जेमतेम १ पेनी होता. बडोदे राज्य याच कामावर दरडोई साडेसहा पेन्स खर्च करत होते. देश गरीब आहे म्हणून शिक्षण परवडत नाही, या सबबीला बडोद्याचा आकडा हे सर्वांत सरळ उत्तर होते. बडोद्याची रयत ब्रिटिश मुलखातील रयतेपेक्षा काही श्रीमंत नव्हती.

१६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी विधेयक मांडले. ते अतिशय सावध होते. सक्ती करायची की नाही हे स्थानिक संस्थेने ठरवायचे होते, ती प्रथम ६ ते १० वयाच्या मुलांपुरती होती, महिना १० रुपयांहून कमी मिळकत असणाऱ्या पालकांना फी माफ होती, आणि खर्चाचे दोन भाग सरकारने तर एक भाग स्थानिक संस्थेने उचलावा अशी कल्पना होती. शाळेत आधीच ठरावीक प्रमाणात मुले जात असतील तेथेच सक्ती लागू व्हावी, अशी अटही होती. व्यवहाराच्या दृष्टीने ती समजण्यासारखी असली, तरी सर्वांत मागे असलेल्या भागांना तिच्यामुळे आणखी थांबावे लागले असते. मुहम्मद अली जीना आणि मझहरुल हक यांनी कायदेमंडळात विधेयकाला पाठिंबा दिला. १९ मार्च १९१२ रोजी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. सरकारी आक्षेपांत पैशाचा आक्षेप ठळक होता.

त्यानंतर संस्थानांतून आणखी एक पाऊल पडले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. त्यापूर्वी १९०६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने तेथे मोहामेडन एज्युकेशन सोसायटी व मुस्लिम बोर्डिंगची स्थापना झाली होती. ब्रिटिश मुलखात १९१८ च्या विठ्ठलभाई पटेल यांच्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्ती लागू करण्याची परवानगी मिळाली, परंतु सरकारवर खर्चाचे निश्चित बंधन आले नाही. सरकारी वाट्याची तरतूद १९२३ च्या कायद्यात आली. १९१९ च्या सुधारणांनी शिक्षण खाते हिंदी मंत्र्यांकडे दिले, अर्थखाते मात्र राखीव ठेवले. खाते मिळाले, तिजोरीची किल्ली मिळाली नाही. १९४४ च्या सार्जंट योजनेने सार्वत्रिक शिक्षणासाठी चाळीस वर्षांची मुदत मागितली.

सहा टक्क्यांचे वचन

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेतील अनुच्छेद ४५ ने ही मुदत दहा वर्षांवर आणली. १९६० पर्यंत चौदा वर्षांखालील सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण मिळायचे होते. ते मिळाले नाही. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे मूळचे कोल्हापूर भागातले. सय्यद नूरुल्ला यांच्या सहकार्याने त्यांनी ब्रिटिशकालीन शिक्षणाचा जो इतिहास १९४३ मध्ये लिहिला, तो आजही अभ्यासकांचा आधार आहे. या आयोगाने शिक्षणावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.९ टक्क्यांवरून १९८५-८६ पर्यंत ६ टक्क्यांवर न्यावा, असे सुचवले. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने ते लक्ष्य स्वीकारले, १९८६ च्या धोरणाने त्याचा पुनरुच्चार केला आणि २०२० च्या धोरणानेही पुन्हा केला. वचन पाच दशकांहून अधिक काळ कायम आहे, कारण ते पूर्ण झालेले नाही.

उरलेली दरी पुन्हा जुन्याच मार्गाने भरली गेली. महाराष्ट्रात १९८३ नंतर व्यावसायिक शिक्षणात विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी मिळाली. २००१ मध्ये शाळांसाठी ‘कायम विनाअनुदानित’ हे धोरण आले. संस्थेने शाळा काढावी, इमारत बांधावी, शिक्षक नेमावेत आणि सरकारकडे कधीही अनुदान मागू नये, असा त्याचा अर्थ होता. २००९ मध्ये ‘कायम’ हा शब्द वगळण्यात आला आणि पुढे टप्प्याटप्प्याने अनुदान देण्याचे ठरले. या मधल्या वर्षांत असंख्य शिक्षकांनी नाममात्र मानधनावर किंवा वेतनाशिवाय काम केले. १८५४ मध्ये वर्गणी देणारा गावकरी होता. येथे ती जागा शिक्षकाने घेतली. न मिळालेला पगार हीच त्याची वर्गणी झाली, आणि ती कोणत्याही हिशोबात जमा दिसत नाही.

केनियातील हरांबे शाळा

हा अनुभव केवळ भारताचा नाही. १९६३ मध्ये स्वतंत्र झालेल्या केनियात जोमो केन्याटा यांनी ‘हरांबे’, म्हणजे सर्वांनी मिळून जोर लावूया, अशी हाक दिली. गावोगावी लोकांनी पैसा, दगड, लाकूड व श्रम देऊन माध्यमिक शाळा बांधल्या. त्यांची संख्या पुढे सरकारी माध्यमिक शाळांहून अधिक झाली. शाळा नीट उभी राहिली की सरकार शिक्षक देत असे किंवा ती मदतीखाली घेत असे. लोकशक्तीचे हे उदाहरण खरोखर मोठे आहे. तरीही कॉफी व चहाचे पीक घेणाऱ्या मध्य केनियाच्या उंच प्रदेशात अशा शाळा भराभर उभ्या राहिल्या, आणि सोमाली मुस्लिम पशुपालकांच्या कोरड्या ईशान्य भागात फार थोड्या. सरकारी शिक्षकही मग शाळांच्या मागोमाग गेले. इंग्लंडच्या १८३३ च्या अनुदानाचा परिणाम दुसऱ्या खंडात पुन्हा दिसला.

१९८० च्या दशकात कर्जबाजारी झालेल्या अनेक आफ्रिकी देशांना आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थांच्या सल्ल्याने सरकारी खर्च आवरावा लागला. केनियात १९८८ नंतर पालकांनी खर्चाचा वाटा उचलावा हे धोरण आले. २००३ मध्ये नव्या सरकारने प्राथमिक शाळांतील फी रद्द केली, तेव्हा एका वर्षात पटसंख्या सुमारे ५९ लाखांवरून सुमारे ७२ लाखांवर गेली. मलावीमध्ये १९९४ साली फी रद्द होताच ती सुमारे १९ लाखांवरून २९ लाखांच्या आसपास पोहोचली होती. गरीब पालकांना शिक्षणाची किंमत कळत नाही, हा दीडशे वर्षांचा समज या आकड्यांनी खोटा ठरवला. मात्र फी गेली आणि तिच्या जागी पुरेसा सरकारी पैसा आला नाही. त्यामुळे वर्ग खचाखच भरले, आणि प्रशिक्षण न झालेल्या शिक्षकांवर भिस्त ठेवावी लागली. दार उघडणे आणि आत शिकवण्याची सोय करणे, या दोन्ही गोष्टींना पैसा लागतो.

समारोप

या इतिहासातून मुस्लिम शिक्षणसंस्थांसाठी दोन गोष्टी निघतात. पहिली संस्थांच्या स्वतःच्या कामाविषयी आहे. समाजाच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या शाळा-महाविद्यालयांचे कार्य मोलाचे आहे, पण त्या साहजिकच जेथे दाते आहेत तेथे वाढल्या. शहरातील सक्षम संस्थांनी दाते नसलेल्या तालुक्यांकडे लक्ष दिले नाही, तर सरकारी अनुदानाचा जुना दोष समाजाच्या आतही कायम राहील. मोहसीन निधीचा धडा वक्फ मंडळे आणि शैक्षणिक न्यास यांनाही लागू आहे. निधी कोणाच्या नावाने आहे एवढे पाहून चालत नाही, त्याचा लाभ शेवटी कोणाच्या मुलाला होतो हेही तपासावे लागते.

दुसरी गोष्ट सार्वजनिक खर्चाविषयी आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार शिकत असलेल्या मुस्लिम मुलांपैकी सुमारे ४ टक्केच मदरशांत होती. सुमारे ६६ टक्के मुले सरकारी शाळांत आणि सुमारे ३० टक्के खासगी शाळांत शिकत होती. म्हणजे या समाजाच्या बहुसंख्य मुलांचे भवितव्य सामान्य सरकारी शाळेच्या अंदाजपत्रकाशी बांधलेले आहे. समितीच्या अहवालानंतर सुरू झालेल्या अल्पसंख्याक शिष्यवृत्त्यांपैकी पहिली ते आठवीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून बंद झाली. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत आहे, हे त्याचे कारण सांगण्यात आले. त्याच वर्षी मौलाना आझाद संशोधन शिष्यवृत्तीही थांबवण्यात आली. शिक्षण मोफत असले तरी वह्या, गणवेश, प्रवास आणि मुलाच्या बुडणाऱ्या रोजाचा भार घरावरच पडतो, हे महाविद्यालयीन शिक्षकांना प्रवेशाच्या दिवसांत दरवर्षी दिसते. आठवीपूर्वी गळालेले मूल त्यांच्या वर्गापर्यंत येतच नाही.

१८८२ च्या आयोगाकडून मुस्लिम शिक्षण हा सार्वजनिक निधीवरील रास्त भार मानला गेला, तेव्हा ती मेहेरबानी नव्हती. वर्गणी आणि फी यांवर आधारलेल्या नियमाने झालेला अन्याय दुरुस्त करण्याचा तो प्रयत्न होता. तो तत्त्व म्हणून मान्य झाला आणि पैशाअभावी अर्धवट राहिला. सहा टक्क्यांची मागणी करणाऱ्यांनी म्हणून एवढ्यावर थांबू नये. वाढीव पैसा वर्गणीच्या प्रमाणात वाटला जाणार की गरजेच्या प्रमाणात, हे प्रत्येक अंदाजपत्रकाच्या वेळी विचारले पाहिजे. बडोद्याने १९०६ मध्ये याचे उत्तर दिले होते, आणि त्यासाठी ते राज्य श्रीमंत होण्याची वाट पाहत बसले नव्हते.